धड एकाचं, मुंडकं एकाचं

शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा काहीच झालं नाही. शेडच्या आढ्याला टांगलेल्या चेनकप्पीची साखळी ताठ होती, बॉडीखाली दोन आडवे पाइप घातलेले होते, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मित्र, आणि 1948 सालची शेवरोले जागची हलायला तयार नव्हती. बॉडी आणि चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यांच्यामध्ये रबराच्या गाद्या असतात. सत्तरेक वर्षांत त्या दोन्हीकडच्या लोखंडाला अशा चिकटल्या होत्या की बोल्ट उगाच मानाला होते. मित्रानं पहार घालून एकेक गादी सोडवली, मग साखळी आणखी थोडी ओढली, आणि तो सगळा गोलमटोल डोलारा हळूच वर आला. चार इंच. खाली उरली दोन लांब पोलादी पट्ट्यांची शिडी, तिच्यात बसलेलं इंजिन आणि चार चाकं.

त्या चार इंचांच्या फटीतून मला पलीकडे मित्राचे बूट दिसले. मी विचारलं, "आता गाडी कुठली रे? वर लटकतेय ती, का खाली उभी आहे ती?"

"साखळी सोडू नकोस," तो म्हणाला.

बेत त्याचा होता आणि मी बेताच्या विरोधात होतो, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या मोटारीची बॉडी उतरवायची, नव्या काळातल्या एका पिकअप ट्रकची चेसिस इंजिन-गिअरबॉक्स-ब्रेकसकट तिच्याखाली सरकवायची आणि वरून पुन्हा तीच जुनी गाडी उभी करायची. वरून कीर्तन, आतून तमाशा. मला वाटायचं, जुनी गाडी चालवायची तर तिच्या दुखण्यांसकट चालवावी, नाहीतर तिला हात लावू नये. अशा तत्त्वांची एक मौज असते. गाडी दुसऱ्याची असली की ती फार ताठ राहतात.

माझं तत्त्व वाकलं ते ब्रेकमुळे. बॉडी उतरवायच्या महिनाभर आधी आम्ही गाडी शेडमध्ये आणत होतो. इंजिन बंद, जेमतेम उतार, वेग माणसाच्या चालीइतका. मी स्टिअरिंगवर होतो. ब्रेक दाबला, पेडल क्षणभर कडक लागलं आणि मग लोण्यात सुरी जावी तसं तळाला गेलं. मागच्या चाकाकडे जाणारी नळी कुजून फुटली होती. त्या काळच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेलाची वाट एकच असे. चार चाकांपैकी एकीकडची नळी फुटली की चारही चाकं मोकळी. समोर जुन्या टायरांची चळत होती म्हणून भागलं. पुढच्या अर्ध्या मिनिटात मी स्टिअरिंगचा दांडा नीट न्याहाळला. पुढच्या स्टिअरिंग बॉक्सपासून थेट चालकाच्या छातीपर्यंत एक सरळ, अखंड पोलादी सळई. समोरून धक्का बसला तर ती कुठे येणार, हे समजायला अभियंता असावं लागत नाही. टक्कर झाली की आपोआप दुमडणारा दांडा आणि दोन वेगळ्या वाटांनी तेल नेणारे ब्रेक या गोष्टी 1960 च्या दशकात रुळल्या. तोवर माणसं अशाच भाल्यासमोर बसून कुटुंबाला फिरवून आणत होती.

मग मी विरोध सोडला. पूर्ण सोडला नाही, पण मोजमाप धरायला टेपचं दुसरं टोक हातात घेतलं.

ट्रकचीच चेसिस का, असं बरेच जण विचारतात. कारण दुसरीकडे ती उरलीच नाही. एके काळी प्रत्येक मोटार म्हणजे खाली शिडी आणि वर खोली, अशीच असे. नंतर खोलीच्याच पत्र्यांना घड्या घालून, ते एकमेकांना जोडून इतकं बळ आणलं गेलं की शिडीची गरज संपली. लान्चिया लाम्ब्डा 1922 साली अशी आली, सित्रोएन त्राक्स्यों आव्हाँ 1934 साली, आणि हळूहळू सगळी मोटारसृष्टी त्या वाटेनं गेली. अमेरिकेत शिडीवर बसवलेली मोठी सेदान म्हणून शेवटपर्यंत तगली ती फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, तीही 2011 साली थांबली. आजच्या मोटारीची बॉडी उचलायला गेलात तर खाली काहीच राहणार नाही. सगळंच हातात येईल. वेगळी काढता येईल अशी शिडी आता असते ती ओझं वाहणाऱ्यांच्या पाठीत: ट्रक, पिकअप, काही दणकट जीपगाड्या.

आणि बॉडी एकीकडची, चेसिस दुसरीकडची, यात नवीनही काही नाही. रोल्स-रॉइस दुसऱ्या महायुद्धापर्यंत गाडी विकत नसे, चेसिस विकत असे. इंजिन, चाकं, पुढचं रेडिएटरचं देऊळ आणि मागे उघडी शिडी. गिऱ्हाईक ती घेऊन हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड अशा बॉडी बांधणाऱ्यांकडे जाई आणि शिंप्याकडे कोट शिवावा तशी बॉडी बेतून घेई. एकाच चेसिसला उन्हाळ्याची उघडी आणि थंडीची बंद अशा दोन बॉड्या बाळगणारे शौकीनही होते. या घराण्याची कारखान्यातूनच पूर्ण तयार पोलादी बॉडी लेवून बाहेर पडलेली पहिली गाडी म्हणजे 1946 ची बेंटली मार्क सिक्स. हे मी मित्राला मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी परंपरा पाळतोय, भ्रष्ट तू आहेस."

त्याच्या मनात पिकअप पक्का होता: शेवरोलेचाच एस-10, 1982 ते 2004 या काळात बनलेला छोटा ट्रक. जुन्या गाड्यांखाली सरकवायला जगभरचे हौशी लोक तो का निवडतात, याचं उत्तर एका आकड्यात आहे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. आमच्या मोटारीचं हे अंतर 116 इंच. एस-10 तीन लांब्यांत मिळतो: आखूड हौद्याचा 108.3 इंच, लांब हौद्याचा 117.9, वाढीव केबिनचा 122.9. मधला घेतला तर फरक राहतो 1.9 इंच, म्हणजे 48 मिलिमीटर.

इतकंच ना, असं मलाही वाटलं होतं. मोटारीचं मडगार्ड म्हणजे चाकाभोवती ओढलेली कमान आहे, आणि कमानीत काही मध्यावर नसलं की डोळ्याला ते लगेच टोचतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, "काहीतरी बरोबर नाहीये." कपाळावरची टिकली दोन मिलिमीटर सरकली तर कळते, इथे तर 48 मिलिमीटर होते.

मोजमापाचे ते दोन आठवडे या सगळ्या उद्योगातले माझे सर्वांत आवडते दिवस. गवंड्याची आणि सुताराची अवजारं मोटारीच्या कामाला आली. पिकअपची केबिन आणि हौदा आधीच उतरवून ठेवले होते. उघडी चेसिस घोड्यांवर, म्हणजे चार पायांच्या टेकूंवर, समपातळीत ठेवली, तिच्या एकेका खुणेवरून ओळंबा सोडला आणि जमिनीवर खडूनं फुली मारली. पुढचा आस, मागचा आस, प्रत्येक आडवी पट्टी, स्टिअरिंग बॉक्स, प्रत्येक बोल्टचं भोक. मग रंगाच्या दोरीनं मधोमध सूत मारलं. चेसिस बाजूला ढकलली तेव्हा जमिनीवर तिची सावली उरली होती, खडूची, खरीखुरी मापाची. त्या सावलीवर जुनी बॉडी लटकवून तिचेही ओळंबे सोडले, दुसऱ्या रंगाच्या खडूनं. आता जमिनीवर दोन गाड्या एकमेकींवर पडल्या होत्या आणि कुठे त्यांचं जमतं, कुठे भांडण आहे, ते उभ्या उभ्या वाचता येत होतं. तिरप्या मापांनीही खात्री केली. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. जुनी चेसिस एका कोपऱ्यात चांगली 9 मिलिमीटर वाकलेली निघाली. कधीतरी, कुणीतरी, कशावर तरी आपटली असणार. बॉडीनं मुकाट्यानं ते सोसून दारं नीट लावून घेतली होती.

त्या 48 मिलिमीटरांवरून आमचं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, चेसिस मधे कापून तेवढी आखूड कर. त्यानं मला हाताला धरून चेसिसपाशी नेलं. ट्रकच्या अशा पट्टीचा छेद चौकटी कंसासारखा असतो: मधे उभी पाठ, वर एक आडवं पाखं, खाली एक आडवं पाखं. गाडीवर ओझं आलं की पट्टी वाकू बघते, तेव्हा दोन आसांच्या मधल्या भागात वरचं पाखं दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं. सगळा भार त्या दोन पाखांवर. मधल्या पाठीला त्या मानानं आराम. म्हणून भोकं पाडायची ती पाठीत. पाखाला शक्यतो ड्रिल लावायचं नाही, आणि पाखावर सरळ आडवं वेल्डिंग तर मुळीच नको, कारण भेग पडायला तीच आयती जागा मिळते. कापायचीच वेळ आली तर पायरीसारखं किंवा तिरकं कापावं, आतून पोलादी पट्टी जोडावी, म्हणजे सांधा एका रेषेत येत नाही. "हे सगळं मला येतं," तो म्हणाला, "पण जे न कापता होतं ते कापायचं कशाला?"

त्यानं मागचे पाटे पुढे सरकवले. पिकअपला मागे कमानपाटे असतात. त्यांच्या दोन्ही टोकांचे आधार काढून 48 मिलिमीटर पुढे नवीन भोकं पाडून बसवले. पाठीत, अर्थातच. त्याबरोबर मागचा आस पुढे आला, गिअरबॉक्सपासून मागच्या आसाकडे फिरता जोर नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, तेवढाच आखूड करून पुन्हा तोलून घ्यावा लागला, नाहीतर वेग वाढताच सगळी गाडी थरथरते. पुढच्या चाकाला हात लावला नाही. तिथे स्टिअरिंग आहे, आणि तिथली भूमिती कारखान्यातून आली तशी ठेवावी, एवढं शहाणपण आम्हाला होतं.

रुंदीचं प्रकरण याच्या उलटं. पिकअप अरुंद, मोटार गालफुगी. नव्या चेसिसची चाकं मडगार्डांच्या आत खोल गेली. थोरल्या भावाचा शर्ट धाकट्यानं घालावा, तसं ते ध्यान दिसत होतं. सोपा उपाय म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये जाड चकती घालून चाक बाहेर ढकलायचं. पण चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवरचा तरफेचा ताण जास्त, आणि पुढे तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला हिसका देऊन जाणार. शेवटी निम्मं अंतर वेगळ्या खोलीच्या रिमनं भागवलं आणि निम्मं भागवलंच नाही. चाकं अजूनही जरा आतच आहेत. मला ते दिसतं. मित्राला दिसत नाही म्हणतो, यावर माझा विश्वास नाही.

याच दिवसांत मला विक्रम-वेताळाची ती गोष्ट आठवू लागली. देवीच्या देवळात एका बाईचा नवरा आणि तिचा भाऊ, दोघंही आपली मुंडकी उडवून घेतात. देवी प्रसन्न होते, बाईला सांगते, मुंडकी धडांना लाव, दोघं जिवंत होतील. घाईत ती नवऱ्याचं मुंडकं भावाच्या धडाला लावते आणि भावाचं नवऱ्याच्या. वेताळ विचारतो, आता तिचा नवरा कोण? विक्रमाचं उत्तर ठाम आहे: ज्याच्या खांद्यावर नवऱ्याचं मुंडकं, तो नवरा. सगळ्या अवयवांत मस्तक श्रेष्ठ.

रस्त्यावरचा कुणीही माणूस विक्रमच्याच बाजूनं बोलेल. फुगीर मडगार्डं, मधे दुभंगलेली समोरची काच, उतरती डिकी दिसली की तो म्हणणार, जुनी शेवरोले. चेहऱ्यावरून ओळख. पण कायदा वेताळाला वेगळं उत्तर देतो. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्यानं कित्येक वर्षं गुणांची एक पद्धत वापरली. मूळची चेसिस राखली असेल तर 5 गुण. सस्पेन्शनला 2, आसांना 2, गिअरबॉक्सला 2, स्टिअरिंगला 2, इंजिनला 1. किमान 8 गुण जमले, आणि त्यात चेसिसचे 5 असले, तरच गाडीला आपला जुना नंबर ठेवता येई. कशाचाच धड पत्ता लागत नसेल अशा गाडीला क्यू अक्षराचा नंबर मिळे. आता ही यादी पुन्हा वाचा. तिच्यात बॉडी कुठेच नाही. जिच्यावर लोक भाळतात, जिचे फोटो काढतात, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिला गुण शून्य. ब्रिटनच्या साहेबाच्या लेखी धड म्हणजे माणूस आणि मुंडकं म्हणजे टोपी.

मी हे मित्राला सांगितलं. तो फ्लोअर कापण्याच्या तयारीत होता, तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात ग्राइंडर. "तू राजा आहेस का कारकून?" एवढंच त्यानं विचारलं आणि बटण दाबलं.

फ्लोअर कापावाच लागतो. जुन्या गाडीचा तळ जुन्या शिडीच्या पाठीवर सपाट टेकलेला होता. नव्या शिडीला वेगळी उंची-सखलता आहे, मागच्या आसावरून ती वेगळी उसळी घेते, गिअरबॉक्स अधिक रुंद आहे, आणि ओझ्याची गाडी असल्यामुळे तिची पाठच उंच. बॉडी नुसती वर ठेवून दिली असती तर उंटावरचा शहाणा तयार झाला असता. म्हणून तळ कापून बॉडीला शिडीवर थोडी खाली बसवायची, वर नवा तळ घालायचा, गिअरबॉक्ससाठी मधे बोगदा उंच करायचा. ऐकायला सरळ आहे. पण पत्र्याचा तळ हा बॉडीला बांधणारा कंबरपट्टा असतो. तो सोडण्याआधी आतून पाइपांचे टेकू वेल्ड करून खांब एकमेकांना बांधून ठेवायचे असतात. दारांच्या चौकटीत आडवे टेकू आम्ही लावले. एका चौकटीत तिरका लावायचा राहिला. कुणाचा राहिला, यावर एकमत नाही. माझाच राहिला.

तळ सुटला, आणि डाव्या दाराची फट, जी वरपासून खालपर्यंत सारखी होती, ती वर मिटली आणि खाली उघडली. सहा मिलिमीटर. दार लागेना. पूर्ण शांतता. मग मित्रानं ग्राइंडर खाली ठेवला, मुखवटा काढला आणि चहा न घेताच दुसऱ्या दिवशी येतो म्हणून निघून गेला. दोन शनिवार-रविवार आम्ही जॅकनं तो खांब केसाकेसानं ढकलत होतो, टेप लावत होतो, पुन्हा ढकलत होतो. दार बसलं. पण त्या बाजूला आता थोडं कचकून लावावं लागतं, आणि दर वेळी ते कचकून लावताना मला माझा पाइप आठवतो.

तरी हे पोलादी बॉडीवर निभावलं. आणखी दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी असती तर आतून लाकडाची चौकट निघाली असती, वर पत्रा ठोकलेला. जनरल मोटर्सच्या बंद गाड्यांना अखंड पोलादी टप मिळाला तो 1935 च्या सुमाराला. त्याआधी टपाचा मधला भाग कापडाचा असे, कारण एवढा रुंद पत्रा एका तुकड्यात घडवणंच जमत नव्हतं. लाकडी चौकटीला तळ सुटलेला सहन होत नाही, ती सरळ उकलते.

रबराच्या गाद्यांबद्दल मात्र मी थांबून बोलणार, कारण मला त्या फार थोर वाटतात. एक कागद गुंडाळून नळी करा, कडा चिकटवा आणि पिळून बघा. पिळली जाणार नाही. आता तीच नळी लांबीला एक चीर देऊन पिळा. सहज वळेल. उघड्या कंसाची पट्टी ही चीर दिलेली नळी आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की शिडी पिळवटते, आणि तिनं पिळवटावं हेच अपेक्षित असतं. खोली मात्र पिळवटता कामा नये, कारण तिला काचा आहेत, दारं आहेत. म्हणून मधे रबर. खालचीनं काय भोगलं ते वरचीला जेमतेम कळावं, एवढ्यापुरता मऊपणा. बॉडी सरळ चेसिसला वेल्ड करून टाकली असती तर काम अर्ध्या दिवसात झालं असतं आणि पहिल्या वर्षातच खांबांच्या कोपऱ्यांत रंगाखालून भेगा दिसू लागल्या असत्या. आम्ही नव्या आधारांना नवीन गाद्या घातल्या, त्यांच्याखाली पातळ चकत्या देत देत फटी जुळवल्या. एका कोपऱ्यात तीन चकत्या, एकात एकही नाही. जुन्या कारखान्यातही असंच करत, हे जुने बोल्ट काढताना दिसलं होतं. तिथल्याही एका कोपऱ्यात तीन निघाल्या होत्या.

पुढचं भराभर सांगतो. जुनं इंजिन सहा सिलिंडरांचं, एकामागे एक, लांब-उंच-अरुंद, 90 अश्वशक्तीचं. नवं व्ही-आकाराचं, 4.3 लिटरचं, आखूड आणि पसरट. त्यामुळे बॉनेटखाली पुढे मोकळं मैदान आणि दोन्ही बगलांत बोट शिरायला जागा नाही. जुन्या रेडिएटरची जागा उभी, नवा रेडिएटर आडवा. स्टिअरिंगच्या दांड्याला दोन सांधे घालून तो एक्झॉस्टला वळसा देत न्यावा लागला. पेडलं आधी तळातून उगवत होती, आता वरून लोंबतात. आणि वायरिंग! हत्ती गेला, शेपूट राहिलं म्हणतात, ते वायरिंगला उद्देशूनच म्हणत असावेत. जुनी गाडी 6 व्होल्टची, नवी 12. इंजिनाच्या संगणकाला त्याचे सगळे सेन्सर जागच्या जागी हवेत, एक कमी पडला की तो रुसतो. मित्राला डॅशबोर्डवरची जुनी घड्याळं तशीच हवी होती. पेट्रोलचा काटा अजूनही टाकी अर्धी असताना भरलेली सांगतो. तो काटा 1948 चा आहे आणि टाकी नाही, त्यांना एकमेकांची भाषा कळत नाही.

पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा मला चालवायला दिली. समोर तीच दुभंगलेली काच, तेच लांब नाक, तोच पांढरट पडलेला स्टिअरिंगचा मोठा घेर. डोळे सांगत होते, जपून, ही म्हातारी आहे. पायानं ब्रेकला स्पर्श केला आणि गाडी जागच्या जागी उभी. माझंच नाक काचेकडे गेलं. अंगाला जे कळत होतं ते आणि डोळ्यांना जे दिसत होतं ते जुळत नव्हतं, आवाज मागे पडलेल्या चित्रपटासारखं. मागचे पाटे ओझ्यासाठी बनलेले, एक पाटा काढूनही ती छोट्या खड्ड्यावर ट्रकसारखीच उडते. वळणावर मात्र हातात कशी सरळ येते! तासाभरानं मी ट्रक विसरलो. मग दार लावलं, उजवं, आणि तो जाड, खोल, तिजोरीसारखा आवाज आला. तो आवाज कुठल्याच चेसिसचा नसतो. विक्रमाच्या बाजूला एक मत वाढलं.

पण त्या गोष्टीत मला आता एक भोक दिसतं, आणि ते शेडमध्ये रोज समोर असल्यामुळे दिसतं. तिथे माणसं दोन आहेत. नवऱ्याचं मुंडकं कुठे गेलं ते वेताळ विचारतो, राजा सांगतो, निकाल लागतो. दुसऱ्याचं काय? बायकोचा भाऊ, ज्याचं मुंडकं तिच्या नवऱ्याच्या धडावर बसलं, तो देवळातून उठून कुठे गेला, याची चौकशी कुणीच करत नाही.

आमच्याकडे तो भिंतीला टेकून उभा आहे. जुनी चेसिस, कोपऱ्यात 9 मिलिमीटर वाकलेली, इंजिनासकट. आणि तिच्यासमोर विटांवर ठेवलेली पिकअपची केबिन, तिच्यामागे लांब हौदा, काचा शाबूत, सीटवर अजून आधीच्या मालकाची एक टोपी. महिना झाला, दोघं एकमेकांकडे तोंड करून बसली आहेत. भंगारवाल्याला बोलवायचं बोलवायचं म्हणतो मित्र, आणि बोलवत नाही.

काल मी गेलो तेव्हा तो चेसिसपाशी उकिडवा बसला होता. टेपचं एक टोक पुढच्या आसावर धरलेलं.

"काय करतोयस?"

"काही नाही, बघतोय," तो म्हणाला. "ही 116. ती केबिन-हौदा 117.9 ला बेतलेली."

मी काही बोललो नाही.

"तेच 48 मिलिमीटर," तो म्हणाला. "या वेळी मागे सरकवायचे. जरा ते टोक धर."